चौथ्या दिवसाचा गुण

पत्र थोडक्यात : सिंहगड रस्त्याला राहणारी आई, नोकरी हिंजवडीत. मुलगी पावणेतीन वर्षांची, वजन १२ किलो. जूनमध्ये प्लेग्रुपला घातली, तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत सात आजारपणं झाली. चार वेळा सर्दी-खोकला-ताप, एकदा उलट्या-जुलाब, एकदा हातापायांवर आणि तोंडात फोड, सप्टेंबरात एकदा चार दिवस नुसताच ताप. नेहमीचे डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणतात. पॅरासिटामॉल आणि नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब, यापलीकडे काही देत नाहीत. सासूबाईंचं मत, ‘यांच्या हाताला गुण नाही, एक दिवस ताप डोक्यात जाईल पोरीच्या.’ ऑक्टोबरातल्या तापात चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी अँटिबायोटिक दिलं आणि रात्रीत ताप उतरला. नंतर तीन दिवस पोट बिघडलं, ते वेगळं. आता नवऱ्याने तेच औषध जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून फ्रिजमध्ये ठेवलं आहे. परवा नाक वाहू लागलं तसे दोन डोस दिलेही. त्यात जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवे नियम आले : ‘ताप व पुरळ असलेल्या मुलांना फक्त सायं. ६ ते ७. फोनवर अँटिबायोटिक सांगितले जाणार नाही. तापाची नोंद लिहून आणणे. तीन दिवसांनंतर ताप असल्यास पुन्हा दाखवणे.’ बाई दुखावल्या आहेत. विचारतात, डॉक्टर बदलू का? प्लेग्रुप बंद करू का? की मुलीची प्रतिकारशक्तीच कमी आहे?

तुमच्या पत्रातलं ‘रात्रीत गुण आला’ हे वाक्य वाचून मला हसू आलं. तुम्हाला नाही, स्वतःलाच हसले. तीस वर्षं मी लहान मुलांचा दवाखाना चालवला. हा चौथ्या दिवसाचा गुण माझ्याही पदरात कितीदा तरी पडलाय. मूल आधी दुसऱ्या कुणाला दाखवलेलं असायचं, त्यांनी थांबायला सांगितलेलं असायचं, आणि तीन रात्री जागलेले आईबाप शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसायचे. रविवारी सकाळी फोन : ‘बाई, तुमच्या हाताला काय गुण आहे हो!’ बहुतेक विषाणूजन्य ताप तीन-चार दिवसांत आपला आपण उतरतो. तो उतरतो त्या दिवशी तुम्ही ज्याच्या बाकावर बसलेले असाल, गुण त्याचा. ज्याने पहिल्या दिवशी बरोबर सांगितलं, तो बिनगुणाचा. असा गुण मी दुसऱ्यांनाही भरपूर देऊन बसले आहे, तेव्हा हिशेब फिटला असावा.

आणि खरं सांगते, गरज नसताना अँटिबायोटिक मीही लिहून दिलंय. समोरचे लोक पहाटेच्या एसटीने गावी निघालेले, मुलाचा घसा किंचित लाल, बाहेर बाकावर अकरा जण. समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, चिठ्ठी लिहायला एक. म्हणून तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांवर मी दगड उचलणार नाही. त्यांनी कानात बघून, छाती तपासून ठरवलं असेल तर त्यांचं बरोबरही असू शकेल. पत्रात तेवढंच नाही. त्यांनी काय दिलं ते तुम्ही नावानिशी लिहिलंय, काय तपासलं ते कुठेच नाही.

जुन्या डॉक्टरांबद्दलही तसंच आहे. ‘काही देत नाहीत’ ही तुमची तक्रार. पण पावणेतीन वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकल्यात देण्यासारखं असतंच फार थोडं. खोकल्याच्या बाटल्यांचं म्हणाल, तर मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित सिरपने मुलं दगावल्यावर ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राने पुन्हा बजावलं : दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. आता राहिलं काय? नाक मोकळं करणं, पाणी, पेज, आराम, आणि रात्रीच्या खोकल्याला अर्धा चमचा मध. मध वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र चाटवायचाही नाही, बोटाने नाही आणि सोन्याच्या वळ्यानेही नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. सप्टेंबरातला तो ‘नुसताच ताप’. सर्दी नाही, खोकला नाही, चार दिवस ताप. अशा वेळी लघवीची तपासणी झाली होती का? लहान मुलींमध्ये लघवीच्या जंतुसंसर्गाला पुष्कळदा तापाशिवाय दुसरं लक्षणच नसतं, आणि तिथे अँटिबायोटिक लागतंच. न्यूमोनियाला लागतं, टायफॉइडला लागतं, कानात पू झाला तर बऱ्याचदा लागतं. अँटिबायोटिक न देणारा डॉक्टर म्हणजे आपोआप चांगला, असंही नाही. तेव्हा हे त्यांना विचारा. भांडायला म्हणून नव्हे, आणि ‘तुम्ही काही दिलं नाहीत’ असंही नव्हे. ‘सप्टेंबरात काय वाटलं होतं तुम्हाला?’ एवढंच.

आता ती नोटीस. भाषा पुणेरी पाटीची आहे, कबूल. ‘दाखवणे’च्या जागी ‘दाखवा’ लिहिलं असतं तर ग्रुपचं भाडं वाढलं नसतं. पण मजकूर बघा.

पुरळवाल्या मुलांना वेगळी वेळ का? गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात मिळते. म्हणजे सकाळी दीड महिन्याच्या डोसाला आलेल्या बाळाला त्या हवेपासून वाचवणारी स्वतःची लस नसते. तुमचीही लेक कधीतरी दीड महिन्याची होती आणि त्याच बाकावर होती.

फोनवर अँटिबायोटिक नाही, कारण फोनवर कान दिसत नाही. आणि मुलांचा डोस वजनावर ठरतो, जुन्या चिठ्ठीवर जुनं वजन असतं. त्या पावडरच्या बाटलीत पाणी घातलं की आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे ती टिकतही नाही. फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या चटणीशेजारी उभी असलेली अशी बाटली मी किती घरांत पाहिली आहे! कुठल्या आजाराची ते आठवत नसतं, महाग होती एवढं आठवत असतं. दोन डोस देऊन थांबवणं तर सगळ्यात वाईट. आजार जंतूंचा नसेल तर ते फुकट आणि पोट बिघडवणारं. जंतूंचाच असेल तर अर्धवट उपचार, आणि वर तपासणीत घोळ.

तापाची नोंद ही त्या नोटिशीतली सगळ्यात शहाणी ओळ. साधी दोनशे पानी वही घ्या. ‘मंगळवार, पहाटे ३.१०, १०२.४. पॅरासिटामॉल ३ मिली (२५०चं). सकाळी ८ला ९९.६. अर्धी वाटी पेज. शू दोनदा. खेळली थोडी.’ अशा पाच ओळी समोर आल्या की डॉक्टरला जे कळतं, ते ‘खूप ताप आहे हो, उतरतच नाही’ या वाक्यातून कळत नाही.

तो कंसातला २५० नीट बघा. पॅरासिटामॉलचं सिरप एका ताकदीचं नसतं. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. आणि बाळांचे थेंब तर एका मिलीत १०० मिलिग्रॅम. डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या लेकीला एका वेळी १२० ते १८०. २५०चं सिरप असेल आणि आजीने ‘एक चमचा’ म्हणून ५ मिली पाजलं, तर ते जास्त झालं. १२०चं असेल तर तोच चमचा बरोबर. म्हणून स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज. दोन डोसांत कमीत कमी चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारापेक्षा जास्त नाही. सर्दी-तापाच्या जोडऔषधांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. दोन्ही दिली की डोस दुप्पट. मूल १०१ तापातही खेळत असेल तर औषधाची घाई नाही. झोपलेलं असेल तर डोससाठी उठवू नका. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, थर्मामीटरला नव्हे.

तापाची भीती म्हणाल, तर साध्या आजारातला ताप मेंदूला इजा करण्याइतका चढत नाही. ‘डोक्यात जातो’ असं वाटायला लावते ती तापात येणारी आकडी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते. बघणाऱ्याचा जीव जातो, मूल बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत सावरतं. एका कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. कांदा, चप्पल यांतलं काही हुंगवायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णालय, १०८ला फोन. लवकर थांबली, तरी पहिलीच आकडी असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

आणि तीन दिवसांची ओळ. इथे चौथ्या दिवसाची दुसरी बाजू आहे, तीही सासूबाईंना सांगा. पावसाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत पुण्यात ताप म्हटलं की डेंग्यू मनात ठेवावाच लागतो. आणि डेंग्यूत धोका ताप चढलेला असताना नसतो, तो तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतो तेव्हा सुरू होतो. घरात सगळे सुटलो म्हणून झोपतात आणि मूल मलूल होत जातं. पोटात दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, शू कमी, गुंगी नाहीतर सारखी चिडचिड : यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही तापाची औषधं नकोत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांचा रस पाजत बसण्यात वेळ घालवू नका. तुमच्या डॉक्टरांनी चौथ्या दिवशी पुन्हा बोलावलं ते याचसाठी. ऑक्टोबरात त्याच दिवशी तुम्ही दुसरीकडे गेलात.

तीन दिवसांची वाट कधी बघायची नाही, तेही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तर त्याच तासाला डॉक्टर. कुठल्याही वयात मूल पाणीसुद्धा घेईना, सहा-आठ तास शू नाही, उठवलं तरी नीट उठत नाही, हिरवी उलटी, शीतून रक्त, दाबल्यावर न पुसट होणारे लाल-जांभळे डाग, तर थांबायचं नाही. आणि श्वास. हे प्रत्येक घराला यायला हवं : मूल शांत असताना झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, चुकतं. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगाने चाललाय. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजतही बसू नका.

प्रतिकारशक्तीचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच, आणि घोळक्यात घातल्याच्या पहिल्या वर्षी त्याहून जास्त. एकेका सर्दीचा खोकला बारा-चौदा दिवस रेंगाळतो. आठ सर्द्यांचे शंभर दिवस झाले, आणि ते पावसाळ्यात एकमेकांना खेटून येतात. म्हणून ‘सतत आजारी’ वाटते. ते फोडही शाळाशाळांत पावसाळ्यात फिरणाऱ्या विषाणूचे. आठ-दहा दिवसांत जातात. काळजीचं चित्र वेगळं असतं : वर्षात दोनदा न्यूमोनिया, वजन न वाढणं, वर्षाच्या पुढेही तोंडात पांढरा थर जमत राहणं. वाढीच्या तक्त्यात तिचं वजन कुठे आहे ते बघून घ्या. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या बाटल्यांचे पैसे वाचवा आणि फ्लूच्या लसीला ठेवा. ती सरकारी कार्यक्रमात मोफत नाही. दरवर्षी घ्यावी लागते, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस. पावसाळ्याआधी घेतलेली बरी. गोवर-रुबेलाचा दीड वर्षाच्या सुमाराचा दुसरा डोस झालाय ना, तेही कार्डावर बघा.

जुलाबाचं थोडक्यात, कारण तुमच्या भागात जानेवारी २०२५मध्ये जीबीएसची (हातापायांतली ताकद जाणाऱ्या, मज्जातंतूंच्या गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ येऊन गेली आणि पोट बिघडलं की तिथल्या घरात काय धस्स होतं ते मी ऐकून आहे. पाणी उकळून पिताय, ते चालूच ठेवा. पोट बिघडलेल्या मुलांत जीबीएस फार क्वचित. जुलाबात खरा शत्रू शरीरातलं पाणी कमी होणं हाच. तुम्ही लिहिलेलं ते तयार ‘ओआरएस’चं गोड खोकं परत आणू नका. तसल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, ते योग्यच झालं. डब्ल्यूएचओ सूत्राची पुडी घ्या. मोठी असेल तर एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी, कमी-जास्त नाही, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. चमच्याचमच्याने पाजा. सोबत डॉक्टरांना विचारून झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. मऊ भात, वरण, ताक चालू.

सासूबाईंवर तुम्ही रागावलेल्या दिसता. त्यांच्या तरुणपणीचा दवाखाना आठवा, किंवा त्यांनाच विचारा. कंपाउंडर खिडकीतून लाल मिक्श्चरची बाटली द्यायचा, तिच्यावर डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली. डॉक्टरकडे जायचं आणि हातात काही घेऊन यायचं, हा त्या पिढीचा व्यवहार. रिकाम्या हाताने परतणं म्हणजे फसवणूक वाटते. शिवाय दिवसभर मुलीजवळ त्याच असतात, आणि डॉक्टर जे काय समजावतात ते समजावतात तुम्हाला. ग्रुपवर तुम्ही आहात, नवऱ्याने तो म्यूट केलाय, सासूबाई त्यात नाहीतच. मुलगी बरी असताना, लसीच्या निमित्ताने, त्यांना दवाखान्यात घेऊन जा. वही त्यांच्याकडे द्या. माझा अनुभव असा की आजी वही पाळायला लागली की आईपेक्षा चोख पाळते, आणि महिन्याभरात डॉक्टरांनाच प्रश्न विचारायला लागते. दृष्ट काढायची तर काढू दे, त्याने काही बिघडत नाही. कापराची पुरचुंडी मात्र गळ्यात नको. चुकून तोंडात गेली तर आकडी येऊ शकते.

प्लेग्रुप बंद करून आजार टळत नाहीत, बालवाडीपर्यंत पुढे ढकलले जातात. चोवीस तास औषधाशिवाय ताप नाही आणि मूल खातंय-खेळतंय, तर पाठवायला हरकत नाही. वाहतं नाक हे कारण नव्हे. पण मला वाटतं हा प्रश्न तुम्ही मुलीमुळे विचारलेला नाही. पाच महिन्यांत तुमच्या अकरा रजा झाल्या, हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. नवऱ्याच्या किती झाल्या, ते लिहिलेलंच नाही. मेडिकलमधून बाटली आणणं हा त्यांचा मदतीचा प्रयत्न असेल, पण घरी थांबून श्वास मोजणं ही जास्त मोठी मदत. पुढच्या तापाच्या दुसऱ्या दिवशी कोण थांबणार, ते ताप नसताना ठरवा.

आणि डॉक्टर? लगेच बदलू नका. एकदा निवांत वेळ मागून जा आणि तीन गोष्टी विचारा : सप्टेंबरात काय वाटलं होतं, लघवी तपासायला हवी होती का, आणि रात्री किंवा रविवारी काही झालं तर कुणाकडे जायचं. उत्तरं नीट मिळाली तर ती उद्धट नोटीस पोटात घाला. प्रश्न विचारल्याचाच राग आला, किंवा चौथ्या दिवशी मुलीला हात न लावता ‘व्हायरल आहे’ एवढंच ऐकायला मिळालं, तर खुशाल दुसरा डॉक्टर शोधा. मात्र एकच शोधा, आणि जाताना लसीचं कार्ड आणि ती वही सोबत न्या. फ्रिजमधली बाटली नेऊ नका. ती आजच टाकून द्या.